गोल घुमटातली कांदाभजी

गोल घुमटासमोरच्या हिरवळीवर, कडुनिंबाच्या सावलीत, प्रमिलाबाईंचे डोळे मिटायला लागतात. लेक उज्ज्वला वरच्या सज्जात गेली आहे. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे या खालीच. वरून आरोळ्या ऐकू येतात, मग त्यांचं पारव्यांचं घुमणं होतं, आणि उशाला घेतलेली पिशवी मऊ लागायला लागते.

सकाळी मिरजेहून आल्यापासून मायलेकी विजापूर पालथं घालताहेत. मुलूखमैदान तोफ झाली, बारा कमान झाली. प्रत्येक ठिकाणी प्रमिलाबाई मनातल्या मनात नवऱ्याला विचारतात, "बघितलंत का?" वामनराव उन्हाळ्यात गेले. दहाव्याला, कृष्णेच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवेना. थोरल्या दिरांनी घर सांभाळायचा शब्द दिला, कावळा ढिम्म. वामनराव दरवर्षी विजापूरला जाऊ म्हणायचे, ते आठवून प्रमिलाबाईंनी तेही कबूल केलं. तरी नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. तेव्हापासून बाईंच्या घशाखाली धड घास उतरत नाही. नवऱ्याची कुठली इच्छा राहिली हे बायकोलाच ठाऊक नसावं, याची त्यांना लाज वाटते.

"ऊठ की. किती झोपशील?"

समोर वामनराव. भर उन्हात तोच बिनबाह्यांचा स्वेटर. हा माणूस मेल्यावरही ऐकायचा नाही, असं त्यांच्या मनात येतं, आणि इतका आनंद होतो की रडूच फुटतं.

दोघं घुमटाचा जिना चढताहेत. जिना मिरजेच्या घरातल्या माळ्याचा आहे, कुरकुरणारी पायरीसुद्धा तीच. गुडघे दुखत नाहीत. वर सज्जा रिकामा. वामनराव नेहमीप्रमाणे न थांबता पुढे चालत जातात आणि थेट पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात. प्रमिलाबाई भिंतीला तोंड लावून कुजबुजतात.

"अहो, तुमचं काय राहिलंय?"

"काही नाही."

"मग कावळा का शिवला नाही?"

पलीकडे आता कृष्णेचा घाट आहे. पाणी चमकतंय, दीर हात जोडून उभे आहेत, आणि वामनराव कावळ्याशेजारी उकिडवे बसलेत.

"तू पिंडाजवळ काय ठेवलं होतंस, आठव. दुधीची भाजी. ती पण बिनमिठाची."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं," त्या सवयीने म्हणतात.

"मला सांगितलं होतं. कावळ्याला कुठलं आलंय ब्लडप्रेशर? शेजारच्या पिंडापुढं गरम कांदाभजी होती. तो तिकडं गेला. मी तरी काय करणार?"

भजी, भजी, भजी, असं अख्खा घुमट म्हणत राहतो. प्रमिलाबाईंना हसू आवरत नाही. एवढ्यासाठी आपण रात्र रात्र तळमळलो.

"आणि विजापूर?"

"ते तुला बघायचं होतं. तू बोलायची नाहीस, म्हणून मी बोलायचो."

हे मात्र खरं होतं. शाळेच्या पुस्तकातल्या घुमटाच्या चित्रावर त्या बोट फिरवत बसायच्या. लग्नानंतर एकदाच बोलून गेल्या होत्या.

वामनराव शेजारी येऊन बसलेत. हातात कागद, कागदात भजी. चवीने खातात, आणि जन्मभराच्या खोडीप्रमाणे बोटं बायकोच्या पदराला पुसतात.

"अहो, पदर!"

"आई, ऊठ." उज्ज्वला खांदा हलवते आहे. "इब्राहिम रोझा राहिलाय. बाबांसाठी तेवढा बघू आणि निघू."

"बाबांचं काही राहिलेलं नाही," प्रमिलाबाई उठून बसतात. "रोझा मला बघायचाय, सावकाश. पण आधी कुठं कांदाभजी मिळते का बघ. भूक लागलीय."

उज्ज्वला बघतच राहते. दुपारी आईने डब्यातला चार घास दहीभात खाल्ला होता, तोही बळेबळे. मग तिची नजर खाली जाते.

"अगं, पदराला हे तेल कसलं? बोटं उठलीत. थांब, पाणी लावते."

"राहू दे," प्रमिलाबाई म्हणतात, आणि पदर मुठीत धरतात.