कुणी मारलं?

वसंताबद्दल लिहून द्या, असं त्याच्या विद्यार्थ्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्याच्या सत्तरीच्या स्मरणिकेसाठी. तेव्हा मी डोळ्यांचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा तो गेल्यावर. तेव्हा हात थरथरतो म्हणालो. डोळे ठीक आहेत आणि हातही ठीक आहे. गेली पन्नास वर्षं मी हे लिहायचं आणि सांगायचं टाळत आलो, एवढंच खरं आहे. वसंता, म्हणजे तुमचे मास्तर, माझा सख्खा चुलतभाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान.

त्याच्या वर्गात पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला त्याने एकच प्रश्न विचारला. नाव नाही, वय नाही, आधी काही शिकलात का तेही नाही. स्टुलावर बसल्या बसल्या तो आधी समोरच्याच्या पावलांकडे बघायचा आणि मग शांतपणे विचारायचा, "कुणी मारलं?" मुलींना घेऊन आलेल्या आया दुखावायच्या. एकदा एक बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या घरात असलं काही चालत नाही." मास्तर म्हणाले, "उत्तम. मग तिला चित्रकला शिकवा." कर्वेनगरातल्या एका सोसायटीचा हॉल त्याने भाड्याने घेतला होता. दाराशी पाटी होती: 'कथक वर्ग. सहा म्हणजे सहा. हौस भागवायची असल्यास इतरत्र चौकशी करावी.'

लोक नाचाकडे का वळतात, यावर त्याने कधी भाषण केलं नाही, पण त्याचं मत पक्कं होतं. आनंदाने माणूस दोन मिनिटं उड्या मारतो आणि दमून बसतो, असं तो म्हणायचा. वर्षानुवर्षं टाच फुटेपर्यंत पाय आपटायला वेगळं काहीतरी लागतं. "दादा, मार खाणारा माणूस मनात मोजत असतो," तो मला म्हणाला होता. "आता किती झाले, अजून किती राहिले. ज्याला तसं मोजता येतं, त्याला नाचता येतं."

वाघोलीहून एक आयटीतला मुलगा बाइकवरून यायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "सर, अ‍ॅक्चुअली फिटनेससाठी." मास्तरांनी त्याला पर्वती चढायला सांगितलं. फुकट आहे, वर वाराही असतो. मुलगा हसत निघून गेला. आठवड्याने परत आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये मारलं, म्हणाला. पँट काढायला लावून, बादलीच्या कडीने. मास्तरांनी विचारलं, "किती जण होते?" चौघं, तो म्हणाला. "मग चारापासून सुरू करू. ये आत. पाय आपट. जोरात आपट, जमीन उलटून मारत नाही." त्या दिवशी तो मुलगा तासभर पाय आपटत होता आणि तोंडाने शिव्या देत होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी तक्रार केली. मास्तरांनी ती फ्रेम करून हॉलमध्ये लावली.

वसंताला त्याच्या वडिलांनी मारलं होतं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझे वडील मी सहा वर्षांचा असताना वारले आणि काकांनी मला कसबा पेठेतल्या त्यांच्या घरी आणलं. जेवू घातलं, हातात हातोडा दिला, तांबटकाम शिकवलं. मला त्यांनी कधी बोट लावलं नाही. भावाचं पोर म्हणून असेल. पण काकूला आणि वसंताला ते मारत. पत्रा कापून उरलेली तांब्याची पट्टी घेऊन ते वसंताच्या पायांवर नेम धरत आणि म्हणत, "नाच." तो उडी मारायचा. पट्टी फरशीवर आपटायची, किंवा पोटरीत शिरायची. पट्टीची कड धारदार असते. काकू हळद दाबून रक्त थांबवायची आणि मग तिची पाळी यायची. पट्टी कधी येणार हे वसंताला नंतर नंतर आधीच कळू लागलं. दहातल्या आठ तो चुकवायचा. "अण्णांची पट्टी हा माझा पहिला ताल," असं तो मोठेपणी हसून सांगायचा. ऐकणारे हसत नसत.

आळीपलीकडे एक कथक शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांच्याकडे कल्हई केलेली पातेली पोचवायला गेला आणि वसंता जिन्यात तासभर उभा राहिला. बाईंनी त्याला आत बोलावलं. पुढची चार वर्षं तो काकांना चोरून शिकला. मला माहीत होतं. मीच त्याच्या वाटणीचं काम उरकायचो. त्याच्या पायांत जे होतं ते माझ्याकडे नव्हतं, हे मला त्या चार वर्षांत रोज दिसत होतं. मला हात होते आणि ते हातोडा धरायला होते.

आता पुढचं. आमच्या आळीत अमावास्येला कुणी हातोडा उचलत नसे. भट्ट्या थंड, ऐरणी झाकलेल्या. पण एका लग्नाचं मोठं घंगाळ दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, म्हणून त्या अमावास्येला दुपारी मी आणि वसंता कारखान्याचं दार लोटून कामाला बसलो. सुट्टी म्हणून काका सकाळपासून प्यायले होते आणि मागच्या बाकावर आडवे पडले होते. मोठं भांडं मठारायला, म्हणजे ठोकून ठोकून घट्ट करायला, दोघं लागतात. एकाचा हातोडा खाली, तेव्हा दुसऱ्याचा वर. ठोके एकाआड एक, घड्याळासारखे. मधल्या वेळात मी डाव्या हाताने भांडं जरा जरा फिरवायचो. ठोका चुकला नाही तर बोट सुरक्षित. त्या दोन ठोक्यांमधल्या जागेवर आमचं सगळं काम चालायचं.

आठ दिवसांनी वसंताचा पहिला कार्यक्रम होता. त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं. अर्ध्या घंगाळावर आलो असताना त्याने सरळ ठोके सोडले आणि नाचातला एक तुकडा हातोड्याने वाजवला. तो असं अधूनमधून करायचा, पण आधी सांगायचा. त्या दिवशी सांगितलं नाही. माझं बोट त्याच्या हातोड्याखाली आलं. तर्जनीचं पेर चेंदून पत्र्याला चिकटलं. त्याने अजून रक्त पाहिलं नव्हतं. मान वर न करता तो गमतीने म्हणाला, "सम चुकली रे तुझी, दादा."

भांडं अडवायला त्याने उजवा पाय पुढे लांब केला होता. मी माझा हातोडा त्याच्या घोट्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज ऐरणीवरच्या आवाजापेक्षा बारीक असतो. तो ओरडला नाही, माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा मारला.

पहिला ठोका रागाचा होता, त्याबद्दल मी स्वतःशी पन्नास वर्षं बोलत आलो आहे. वेदनेने माणूस आंधळा होतो, वगैरे. दुसऱ्याबद्दल मला काही बोलता येत नाही. दुसऱ्याच्या आधी मला सगळं स्पष्ट दिसत होतं. तो कुठला पाय आहे, आठ दिवसांनी काय आहे, मी काय मोडतो आहे.

मग तो ओरडला. काका धडपडत उठले, मी जमिनीवर टाकलेल्या हातोड्याला अडखळले आणि त्यांनी तो उचलला. बंद आळीत ओरडणं ऐकून लोक धावले. त्यांनी दार ढकललं तेव्हा वसंता रक्तात पडला होता, मी भिंतीशी बोट धरून बसलो होतो आणि काका हातोडा घेऊन मध्ये उभे होते. काही विचारायची गरजच वाटली नाही कुणाला. चौघांनी काकांना धरून गटाराशी नेलं आणि चपलांनी मारलं. काका प्रतिकार करत नव्हते. हातातल्या हातोड्याकडे बघून ते म्हणाले होते, "माझ्या हातून झालं?" त्यांना काही आठवत नव्हतं. माझं बोटही त्यांच्याच नावावर गेलं.

वसंताला ठाऊक होतं. पंधरा दिवसांनी, पाय प्लास्टरमध्ये असताना, त्याने मला जवळ बोलावलं. मी बोलायला तोंड उघडलं तर तोच हळू आवाजात म्हणाला, "गप्प राहा. आईच्या अंगावर पंधरा दिवसांत एक वळ नाही." काकांनी खरंच त्यानंतर कुणावर हात उचलला नाही. दारू सुटली. जो गुन्हा त्यांनी केला नव्हता त्याने ते सुधारले, आणि जे त्यांनी रोज केलं होतं त्याबद्दल त्यांना कुणी कधी विचारलं नाही. आमच्या घरातली शांतता त्या खोट्यावर उभी होती. मला ते सोयीचं होतं.

आठ वर्षांनी काका गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी वसंताचा वाकडा घोटा दोन्ही हातांत धरला आणि क्षमा मागितली. काकू आधीच गेली होती. आता कुणाला वाचवायचं उरलं नव्हतं. वसंताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी काकांसाठी पाणी आणायला उठलो. परत आलो तेव्हा वसंता त्यांना सांगत होता, "माफ केलं, अण्णा." त्याची बहीण सुमन मात्र त्यांना माफ करू शकली नाही. तिने आजवर घरात बापाचा फोटो लावलेला नाही.

ते अर्धं राहिलेलं घंगाळ कुणी नेलं नाही. तुमच्या वर्गात स्टुलाशेजारी उपडं असायचं, ज्यावर मास्तर लाकडी मोगरीने ताल द्यायचे, ते तेच. स्वतः उभं राहून नाचणं संपलं होतं, म्हणून आळीपलीकडच्या त्या कथकच्या बाईंनी त्याला बसून शिकवायला शिकवलं.

मी निवृत्त झाल्यावर संध्याकाळी त्याच्या हॉलमधल्या बाकावर जाऊन बसू लागलो. एकदा वर्गातल्या एका बाईंचा नवरा पट्टा घेऊन आत घुसला. बायको सगळ्यांसमोर नाचते म्हणून. त्याने तिला केसांना धरून खाली पाडलं आणि बकल असलेल्या बाजूने पाठीवर मारलं. वसंता लंगडत मध्ये गेला. पुढचा फटका त्याच्या तोंडावर बसला आणि दात पडला. तो त्या बाईंना मागे घेऊन तसाच घंगाळापाशी बसला आणि मोगरी वाजवू लागला. रक्त हनुवटीवरून तांब्यावर पडत होतं. "थांबायचं नाही," तो मुलींना म्हणाला. वीसजणींनी पाय आपटायला सुरुवात केली. तो माणूस काय ओरडतोय हे त्यालाही ऐकू येईना. खालून लोक आले आणि त्याला घेऊन गेले. नंतर मी रागावून वसंताला म्हणालो, हातात मोगरी होती, एक घालायची होतीस. तो रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "लाकूड एकदा माणसावर उचललं की त्याच्यावर ताल धरता येत नाही, दादा." मी डाव्या हाताची मूठ मिटून घेतली.

आणि एकदा आठेक वर्षांची एक मुलगी आली. मास्तरांनी विचारलं, "कुणी मारलं?" ती म्हणाली, "मीच मारलं. भावाला. पट्टीने. त्याचं डोकं फुटलं." तिची आई ओशाळली. मास्तर खूप दिवसांनी मोठ्याने हसले. "मग तू सगळ्यांच्या पुढे उभी राहा," ते म्हणाले. "मारणाऱ्याला जास्त शिकावं लागतं. आणि असं सांगत येणारे फार कमी." हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. बाकाकडे बघत होते. मी चष्मा पुसत होतो.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. हॉस्पिटलमध्ये मी रोज जात होतो आणि रोज वाक्य जुळवून जात होतो. एका सकाळी सुमन चहाला गेली आणि आम्ही दोघंच राहिलो. मी खाटेशी उभा होतो. त्याने माझ्या पावलांकडे पाहिलं, जसं नव्या विद्यार्थ्याच्या पाहायचा, आणि ओठ जेमतेम हलवत विचारलं, "काय रे दादा, कुणी मारलं?"

त्याने दार उघडून धरलं होतं. दोन शब्द बोलायचे होते. आठ वर्षांच्या पोरीला जमले होते.

मी म्हणालो, "कुणी नाही. असाच आलो."

"मग आत घेता येत नाही," तो म्हणाला, आणि डोळे मिटले. थोडं हसलाही असेल. दोन दिवसांनी तो गेला.

या महिन्यात त्याच्या वर्षश्राद्धानंतर तुम्ही जो कार्यक्रम केलात, त्यात मास्तरांची गोष्ट नाचून दाखवलीत. मला पहिल्या रांगेत बसवून शाल दिलीत. वाघोलीचा तो मुलगा काका झाला होता. त्याने हातोडा उगारला आणि मुलाच्या पायावर मारला. मध्ये एक पूर्ण आवर्तन शांतता. मग दुसरा. नंतर मी त्याला विचारलं, दोन कशाला, आणि मध्ये एवढा वेळ कशाला. तो म्हणाला, "मास्तरांनीच बसवून घेतलं होतं, आजोबा. कुणी मारलं ते नाही सांगितलं, आम्हाला माहीतच होतं. पण म्हणाले, ठोके दोन, आणि मधली जागा कमी करायची नाही."

म्हणजे त्यानेही ती जागा मोजली होती. पन्नास वर्षं.

तेव्हा तुमच्या पुढच्या स्मरणिकेत हे छापा. सुमनला आधी वाचून दाखवा आणि तिला म्हणावं, बापाचा फोटो लाव. त्यांनी खूप मारलं, पण तो हातोडा त्यांनी मारला नाही. आणि उरलेलं ज्याचं त्याला.

वसंता, मी मारलं. पहिल्याबद्दल तू मला केव्हाच सोडून दिलं असशील. दुसऱ्याबद्दल माफ कर.