बाबल्याचा रोजचा फोटो

एकदा कुणाचा तरी मासा सांभाळायला घेऊन बघा. टाकीच्या तळाशी गाळ साठतो ना, तसे किस्से साठतात!

काळाचौकीला आमच्या शेजारी तात्या आणि काकी राहतात. आंब्याच्या कामाला दोघं गावी निघाले आणि तात्यांनी त्यांचा मासा टाकीसकट आमच्याकडे ठेवला. ऑस्कर जातीचा, तळहाताएवढा, नाव बाबल्या. तोपर्यंत मी मासा सांभाळला तो फक्त तव्यात! अट एकच. "रोज एक फोटो टाक गो मजल्याच्या ग्रुपवर. जिवंत आसा, ह्यां कळूक होया."

*

पहिला फोटो मी टाकीसमोर सरळ उभं राहून काढला. लख्खकन फ्लॅश पडला. न बघताच पाठवला. काकींचा लगेच मेसेज : "सुनीता, गाऊन बरो आसा. मासो खंय?"

काचेत मीच! गाऊन, केसांना थापलेली मेंदी आणि पोटाच्या जागी सूर्य. सगळ्या मजल्याने अंगठे दाखवले.

*

दुसऱ्या दिवशी फोटोत बाबल्याच्या अंगभर पांढरे ठिपके! मी हादरले. "सई, याला काहीतरी रोग झालाय गं!" माझी लेक कॉलेजला निघाली होती. तिने फोटो बघितला, टाकी बघितली आणि ओढणीच्या टोकाने काचेवरचा रोग पुसून टाकला.

फ्लॅशमध्ये आमच्या घरातली धूळ एवढी चमकते, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

*

मग सईने फ्लॅशच बंद करून दिला. फोटोत अंधार आणि अंधारात एक काळं गाठोडं.

तात्यांनी विचारलं, "ह्यां काय, वांगा?"

*

शेवटी युक्ती सापडली. फोन काचेला तिरका धरायचा आणि फ्लॅश मारायचा. अहाहा! बाबल्या असा नारिंगी उजळला की मी तो फोटो माहेरीही पाठवला.

तात्यांचा थेट फोन. "हो माझो बाबल्या न्हय! माझो काळपट. खरां सांग, तो मेलो नि तू नवीन आणून टाकलंस ना?"

तात्यांच्या खोलीत एक मिणमिणता बल्ब. त्यांनी आपल्या माशाचा रंग कधी धड बघितलाच नव्हता. मी देवाच्या शपथा घेतल्या, पटेना. रात्री काकींनी कळवलं की तात्या जेवलेच नाहीत, रागाने कुशीवर आडवे पडलेत. मला झोप लागेना. एवढ्या वर्षांचा शेजार एका माशापायी जाणार!

*

पुरावा द्यायचाच म्हणून सकाळी मी चारी बाजूंनी फोटो काढत सुटले. फ्लॅश, फ्लॅश, फ्लॅश! आणि बाबल्या सावकाश तळाशी गेला आणि कुशीवर आडवा झाला. हलेना. टाकीवर टकटक केलं, तरी हलेना.

रडत रडत फोन लावला. "तात्या, माफ करा. मारला हो मी त्याला!"

तात्यांनी हळूच विचारलं, "आडवो पडलोहा?"

"हो."

"डोळो फिरवता?"

मी वाकून बघितलं. डोळा फिरला, थेट माझ्यावर! "फिरवतोय, तात्या!"

"मगे माझोच तो!" तात्या असे ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला. "राग इलो की असोच पडता! नवो मासो असली नाटकां करूचो नाय!"

मी मटकन लादीवर बसले. रडायचं थांबलं नव्हतं आणि हसू सुटलं होतं. तेवढ्यात फोनवर तात्यांच्या मागून काकींचा आवाज आला, "कोणाकडसून शिकलो, तांय सांगा तिका!"