बुरादा सरांनी मला फसवले नव्हते

बुरादा सर खिशात लोहचुंबक घेऊन महाविद्यालये तपासत हिंडायचे, असे हल्ली नांदेडात सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. त्यांच्या खिशात एक निळ्या काठाचा रुमाल असे, दुसरे काही नसे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत शिरले की तो रुमाल जमिनीवर अंथरायचा, त्यावर गुडघे टेकायचे आणि लेथ मशीनखाली डोकावायचे, ही त्यांची रीत. लोखंड कातताना जो भुगा खाली पडतो, त्याला ते बुरादा म्हणत. बुरादा दिसला, तर मुले तिथे काही शिकतात. मशीन लखलखीत आणि खालची फरशी स्वच्छ असली, तर ते महाविद्यालय फक्त पाहण्यापुरते, असा त्यांचा निवाडा होता. त्यावरूनच त्यांना ते नाव पडले.

आयटीआयमध्ये ते टर्नरच्या वर्गाचे निदेशक होते. कोणी 'प्राध्यापक साहेब' म्हटले, तर तिथल्या तिथे दुरुस्त करीत. निवृत्त झाल्यावर दर जूनमध्ये त्यांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बारावी झालेली मुले आणि घाबरलेले पालक जमत. कुठले महाविद्यालय, कुठली शाखा, यादीत आधी काय लिहायचे, हे विचारायला किनवटपासून माणसे येत. मीही मुखेडहून गेलो, तो माझी नात अनुजा हिच्यासाठी. अकरावी-बारावीची दोन वर्षे ती लातूरला खोली घेऊन शिकली होती आणि सीईटीचे गुण चांगले पडले होते. मी पोहोचताच सर उठले, "जयभीम, गुरुजी" म्हणाले आणि स्वतःची खुर्ची मला दिली. ती त्यांनी मला दिली म्हणून मी बसलो. मी ती ओढून घेतली, ही गोष्ट कोणीतरी मागाहून रचलेली आहे.

लातूरकडच्या एका नव्या महाविद्यालयातून सरांना हाकलून दिले, असेही काहीजण सांगतात. मी सोबत होतो, तेव्हा माझे ऐकावे. काचेची इमारत होती. टाय लावलेला एक तरुण आम्हाला नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो दाखवू लागला. सर म्हणाले, "लई देखणं हाय. वर्कशॉप कुठंय?"

"सर, आधी आपण सेमिनार हॉल बघू या."

"हॉलमधी आमाला लग्न लावायचं न्हाई, बाबा."

कार्यशाळेतल्या लेथवर प्लॅस्टिकचे आवरण होते आणि आवरणावर धूळ. सरांनी रुमाल काढलाच नाही. "मशिनीला शालू नेसवून बसवलंय," एवढेच म्हणाले आणि बाहेर पडले. फाटकावरचा रखवालदार आमच्या मागे धावत आला, हे खरे. पण तो हाकलायला आला नव्हता. त्याला आपल्या भाच्याचे गुण सरांना सांगायचे होते. सरांनी तिथेच उभ्याने त्याला अर्धा तास दिला आणि आमची एसटी चुकली.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका जुन्या महाविद्यालयात गेलो. तिथे बुरादा इतका, की माझ्या चपलेत शिरला. मी चप्पल झटकत बाहेर आलो. अनुजा मात्र तासभर आतून हलली नाही.

आपल्या लोकांची एक ठरलेली चूक सर नेहमी सांगत. मागच्या वर्षी जिथला प्रवेश सर्वांत अवघड होता, ते महाविद्यालय यादीत सर्वांत वर लिहायचे, मग त्याच्या खालचे, मग त्याच्या खालचे; मुलाला काय हवे हे कुठेच नाही. "ही पोळ्याची मिरवणूक न्हाई, मानाचा बैल म्होरं लावायला," असे ते म्हणत. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर तीच जागा पक्की होते, पुढे बदलता येत नाही. म्हणून त्यांचे सांगणे असे, "पहिल्या नंबराला ते लिव्हा, जे मिळालं तर रडू येणार न्हाई." आणि ही यादी मुलाने एकट्याने, स्वतःच्या हाताने लिहायची. तोवर वडीलधाऱ्यांनी चहा घेऊन अंगणात थांबायचे. तीस वर्षे मुख्याध्यापक असताना मी असंख्य मुलांना वर्गाबाहेर काढले. मला बाहेर काढणारे सर पहिले. चहा मात्र उत्तम होता.

आता मुख्य मुद्दा. सर लेथवाले, म्हणून त्यांनी माझ्या नातीला यंत्र अभियांत्रिकीकडे वळवले आणि मला गुंडाळून माझ्या फोनवरचा ओटीपी काढून घेतला, ही हकिकत आमच्या घरात आणि मुखेडच्या अर्ध्या बाजारात प्रसिद्ध आहे. घडले ते असे.

यादी पक्की करण्याचा शेवटचा दिवस होता आणि मुदत पाचपर्यंतची. सरांनी मला आत बोलावले. ते स्वतःच वैतागलेले दिसत होते. "गुरुजी, मी अर्ध्या तासापासून हिला सांगून राहिलो, कम्प्युटर लिही, थंड हवेत बसशील. ऐकतच न्हाई."

अनुजा म्हणाली, "सर, काय आवडतं ते तुम्हीच विचारलं. आता भांडून काय राहिलात?"

अर्ज माझ्या नंबरावर भरलेला होता, त्यामुळे ओटीपी माझ्याच फोनवर आला. तिने हात पुढे केला. सरांनी तो अडवला. "आधी आजोबांना यादी वाचून दाखव. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"सर, वीसच मिनिटं राहिलीत!"

"राहू दे. ज्याचा फोन, त्याला कळलं पाहिजे."

तिने वाचली. पहिल्या ओळीत यंत्र अभियांत्रिकी, नांदेड. पुण्याचे कम्प्युटर, जे मी सर्व नातेवाइकांना आधीच सांगून ठेवले होते, ते सातव्या ओळीत. मी पुष्कळ बोललो. मुखेडात मला तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही, असेही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "आबा, मला वस्तू हातात धरल्याशिवाय कळत न्हाई. तुम्ही म्हणाल तर कम्प्युटर वर घेते. पण शिकायचं मला हाय."

मी चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तसे ते सहा आकडे मोठ्याने वाचले.

पहिल्याच फेरीत तिला पहिला पर्याय मिळाला. माझा मुलगा ज्ञानोबा, मुखेडात त्याचे कृषी सेवा केंद्र आहे, भडकून विचारू लागला, "आबा, तुम्ही तिथं होता ना? यादी बघितली न्हाई का?" मी म्हणालो, "बुरादा सरांनी सगळं घाईत उरकलं." सारी हकिकत या एका वाक्यातून निघाली, आणि ते वाक्य माझे होते. नातीपुढे नमलो म्हणण्यापेक्षा फसवला गेलो म्हणणे मला सोपे वाटले. अनुजाने बापाला खरे सांगितले; पण सरांनीच तिला पढवले आहे, असे मानून त्याने उलट मलाच बजावले, "त्या माणसाकडं पुन्हा जाऊ नका." त्यानंतर तो तिची फी भरी, पण अभ्यासाबद्दल एक शब्द विचारत नसे.

मी गेलोच. सरांना सगळे सांगितले. ते इतके हसले की ठसका लागला. "माझ्या नावानं तुमच्या घरात शांतता हाय ना, गुरुजी? मग राहू द्या. मला काय तुमच्या घरी सोयरीक जमवायची हाय का?"

गेल्या हिवाळ्यात सर गेले. अनुजा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. विहारात पुण्यानुमोदनाला मोठी गर्दी जमली. इतक्या लोकांत आबांना एकटे कसे पाठवायचे, म्हणून ज्ञानोबा माझ्यासोबत आला होता. सरांच्या एका विद्यार्थ्याने, अगदी प्रेमानेच, तीच गोष्ट सांगितली: मुखेडच्या एका खडूस मुख्याध्यापकाकडून सरांनी ओटीपी कसा काढला. लोक हसले. ज्ञानोबाही हसला.

मी उभा राहिलो. "तो खडूस मुख्याध्यापक मी. सरांनी मला यादी ओळीने ऐकवायला लावली. ओटीपी मी जाणूनबुजून दिला. घरी येऊन खोटे बोललो तो मी." एवढे बोलून बसलो.

परतताना एसटीत ज्ञानोबा कंधारपर्यंत खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "मला का सांगितलं न्हाई?"

"तू विचारलंस कुठं?" मी म्हणालो. हेही खोटेच होते. त्याने दहा वेळा विचारले होते. ज्ञानोबाने खिशातून फोन काढून अनुजाला लावला.

"जेवलीस का गं?... बरं. सध्या काय शिकवून राहिलेत तुमाला?"

पलीकडून ती बोलू लागली. ज्ञानोबा मधूनमधून "हाव" म्हणत राहिला. मलाही तिच्याशी बोलायचे होते. मी दोनदा हात पुढे केला. मुखेडचा स्टँड आला, तरी त्याने फोन माझ्याकडे दिला नाही.