खुर्चीप्रमाणे मेमरी

"थांबा हं, येतंय," असं म्हणत बाई संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवायच्या. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. पडद्यावर छोटं चक्र फिरत राहायचं आणि खिडकीपलीकडचा शेतकरी मान वाकडी करून ते बघत राहायचा. अशा खिडकीपुढे तुम्हीही कधीतरी उभे राहिला असाल, आणि आतल्या माणसावर मनातल्या मनात चिडलाही असाल.

धुळ्यातल्या आमच्या शेतकी संघाच्या कार्यालयात त्या कंत्राटी ऑपरेटर होत्या. मी हेडक्लार्क. बाई रोज अमळनेरहून एस.टी.नं यायच्या. समोर सगळे त्यांना बाई म्हणत, माघारी हळूबाई. हे नाव कुणी पाडलं ते आठवत नाही, असं मी पुष्कळदा सांगितलं आहे. ते मी पाडलं.

चक्र फिरत असताना त्या बोलायच्या. समोरच्याला स्टुलावर बसवायच्या, आपल्या बाटलीतलं पाणी द्यायच्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारे एक म्हातारे आबा त्यांची हमखास थट्टा करत.

"बाई, तुनं मशीन जपी गयं का?"

"झोपलं खरं, आबा. उठवते. तोवर सांगा, नातीचं जमलं का कुठं?"

आबा नातीचं सांगत बसायचे. मागची रांग वाढत जायची. माझ्या टेबलावरून मला एवढंच दिसायचं, की बाई बोलताहेत आणि काम थांबलं आहे. बोलतात म्हणून काम थांबतं, असं मी धरून चाललो. काम थांबलं म्हणून त्या बोलतात, हे उठून चार पावलं चाललो असतो तर दिसलं असतं.

आता त्या संगणकाचं. कार्यालयात खुर्च्या आल्या तेव्हा आम्ही त्या पदाप्रमाणे वाटल्या होत्या. उंच पाठीची साहेबांना, हातांची मला, बिनहातांची ऑपरेटरला. संगणकही तसेच वाटले. साहेबांना आणि मला सोळा जीबी मेमरी, बाईंना चार. साहेबांच्या पडद्यावरचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही. मी दिवसाकाठी एखादं पत्र टाइप करायचो आणि जेवणानंतर त्यावर पत्त्यांचा डाव लावायचो. बाईंना मात्र एकाच वेळी सरकारी नोंदणीचं पान, सातबाऱ्याची स्कॅन केलेली चित्रं, खरेदीचा तक्ता आणि छपाई, एवढं सगळं उघडं ठेवावं लागे. एक बंद करून दुसरं उघडावं, तर पहिलं पुन्हा सुरुवातीपासून.

एकदा प्रिंटर दुरुस्त करायला जळगावहून एक माणूस आला होता. काम झाल्यावर तो बाईंच्या मागे उभा राहून बघत राहिला. कपाशीच्या नोंदणीचे दिवस होते, खिडकीपुढे गर्दी होती. मग त्यानं मला हाक मारली आणि मेमरी किती भरली आहे ते पडद्यावर उघडून दाखवलं. काठोकाठ भरली होती.

"नाना, हिशेब सोपा असतो," तो म्हणाला. "ऐन गर्दीत माणूस काय काय उघडं ठेवतो ते बघायचं. त्याला लागते तेवढी मेमरी, वर थोडी मोकळी. यांना चारमध्ये कसं भागणार? तुमचं बघू."

माझं बघितलं. त्यात पत्ते उघडे होते. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"तुमच्यात मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. एक काढून बाईंच्यात घालतो. दोन्ही मशीन सारखीच आहेत. चहा येईपर्यंत होईल."

नवीन काही घ्यायचं नव्हतं, कुणाची सही लागत नव्हती. बाई आमच्याकडे वळून बघत होत्या. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं, पण आपल्याबद्दल काही चांगलं चाललं आहे एवढं कळलं असावं.

"राहू द्या," मी म्हणालो. "माझं मशीन उघडू नका."

का म्हणालो? हातांच्या खुर्चीचा एक हात काढून द्यावा, तसं वाटलं मला. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

पुढे रांगेच्या तक्रारी संचालकांपर्यंत गेल्या. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "बाई हळू आहेत. गप्पाही फार मारतात." बाईंचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"नाना, माझं काही चुकलं का?"

"जरा हात चालवायला हवा होता, बाई."

"हो. मी हळूच आहे पहिल्यापासून," त्या म्हणाल्या, आणि बस चुकू नये म्हणून निघाल्या.

त्यांच्या जागी साहेबांचा भाचा आला. त्यानं आल्या आल्या माझ्या मशीनमधली पट्टी मागितली आणि मी मुकाट्यानं दिली. रांग आटली. पोरगा चपळ आहे, असं सगळे म्हणू लागले. मीही म्हणालो. स्टूल कुणीतरी आत नेऊन ठेवलं. आबा आले, खिडकीत वाकून म्हणाले, "बाई कोठे शे?" भाच्यानं मान वर न करता त्यांचं काम करून दिलं.

निवृत्त झाल्यावर मी अमळनेरला गेलो, तोवर बाई गेल्या होत्या. आजार लांबला होता. त्यांच्या मुलीनं चहा केला. पुढच्या खोलीत तिचा जुना लॅपटॉप होता.

"नोकरी गेल्यावर आई कधी याला हात लावायची नाही," ती म्हणाली. "मी शिकवते म्हटलं तरी नाही. म्हणायची, मी हळू आहे, तुझं खोळंबेल. थांबा, तिचा फोटो दाखवते."

लॅपटॉप जुना, उघडायला वेळ लावत होता. तेवढ्या वेळात मी तिला सगळं सांगितलं. ती पट्टी, ती खुर्ची, मी पाडलेलं नाव. तुझी आई हळू नव्हती, म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"हे तिला सांगायचं होतं, नाना."

पडद्यावर चक्र फिरत होतं. आम्ही दोघं त्याकडे बघत बसलो. अशा वेळी समोरच्याला काहीतरी विचारून वेळ निभावून नेणारं माणूस त्या घरात आता नव्हतं.