औषधानं मासे का मरतात?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाचं माझं शेवटचं वर्ष. सराव पाठासाठी कुंभकोणमहून बसनं चोळपुरमच्या शाळेत जायचे. त्या दिवशीचा पाठ होता ‘कीटकनाशकांचे फायदे’. तमिळ शेतकरीही त्याला आपल्यासारखंच किड्यांचं औषध म्हणतात. मी फळ्यावर फायदे लिहीत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“टीचर, औषध आहे तर ते मारल्यावर आमच्या पाटातले मासे का मरतात?”

वर्ग हसला. आमच्या पर्यवेक्षक बाई पाठीमागे वही उघडून बसल्या होत्या. मी घाबरून म्हटलं, “ते आजच्या पाठात नाही. बस खाली.” बाईंनी शेरा दिला : वर्गावर ताबा उत्तम.

परतताना बसमध्ये तो शेरा वाचला आणि लाज वाटली. मला उत्तर येत नाही, एवढं म्हणायला काय हरकत होती?

शनिवारी आडुतुरैचं भात संशोधन केंद्र गाठलं. एका वयस्कर शास्त्रज्ञांनी दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं, मग स्वतःच बांधावर नेलं. रोपांच्या बुडाशी रस शोषणारे तुडतुडे दाखवले, आणि तुडतुडे खाणारे कोळीही.

“फवारा दोघांनाही मारतो. पाण्यात गेला की माशांनाही,” ते म्हणाले. “म्हणून आधी मोजायचं. तुडतुडे फार झाले तरच फवारायचं.”

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले; घरी आमच्या जुन्या वळणाच्या मराठीत आईला सगळं सांगितलं, पाठ पुन्हा घेणार हेही. तिचा एकच प्रश्न : गुण मिळाले ना, मग आता कशाला?

सोमवारी बाईंपुढे उभी राहिले. “तो पाठ मला पुन्हा घ्यायचाय.”

“गुण देऊन झालेत.”

“ते गुण माझे नाहीत, बाई. मी त्या मुलीला गप्प केलं.”

त्यांनी चष्मा काढला. “कमी पडले तर रडत यायचं नाही.”

या वेळी मुलींना शाळेमागच्या शेतात नेलं. शेत त्याच मुलीच्या वडिलांचं. मुली वाकून तुडतुडे आणि कोळी मोजत होत्या. वडील बांधावरून म्हणाले, “मोजून पीक वाचेल, याची हमी टीचर देणार का?”

“नाही देऊ शकत,” मी म्हटलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

“मग ठरवायचं कसं?” मुलीनं विचारलं.

“वडील काय म्हणतात ते लिही, केंद्रातले काय म्हणतात ते लिही, तू मोजलंस ते लिही. मग वाद घालू.”

तास संपेपर्यंत आम्ही वाद घातला. एकीचं म्हणणं, फवारलं नाही म्हणून मागच्या हंगामात त्यांचं शेत गेलं. तिचा मुद्दा कुणालाच खोडता आला नाही. मलाही नाही.

शेरा आला : पाठाला निष्कर्ष नाही. गुण कापले गेले. मी खाली सही केली आणि रडले नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीनं सांगितलं, की वडिलांनी फवारलंच, पण आधी चार ठिकाणी वाकून मोजलं.

माझा पुढचा पाठ पिण्याच्या पाण्याचा होता. पुस्तक उघडण्याआधी मी पाण्याच्या टाकीवर गेले आणि तिथल्या कामगाराला म्हटलं, “मला काहीच माहीत नाही. पहिल्यापासून सांगा.”