अंड्यांच्या टेम्पोमागे

२०२४ साल, मी त्र्याहत्तरचा. कुवेंपुनगरातलं माझं शिलाईचं दुकान चाळीस वर्षं नऊलाच उघडतंय. येलवालकडून रिंगरोडवर चढताना नवा सिग्नल बसला, एका हिरव्याला एकच गाडी. रिंगरोडवाले सुसाट आणि आम्ही खोळंबलेले! मी स्कूटरचा हॉर्न दाबूनच धरला.

पुढं अंड्यांचा टेम्पो होता. स्कूटर कडेला घेऊन पाहिलं, तर ड्रायव्हरचा एक हात शेजारच्या ट्रेवर, तान्ह्याच्या पाठीवर ठेवावा तसा. मान बाहेर काढून तो हसला, “अज्जा, स्वल्प तडी, जरा थांबा! आधी घुसाघुशीत ब्रेक मारून रोज एक ट्रे फुटायचा. आता पाच मिनिटं जातात, पण अंडी पोचतात.”

अंड्यांशी काय वाद घालणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहा मिनिटं आधी निघालो. बायकोनं कारण विचारलं, तोवर मी स्कूटर सुरू केली होती.