दाजींची न वाजणारी चाकं

दाजी मेस्त्री आमच्या दारावर टकटक करत ते दार उघडण्यासाठी नव्हे. लग्न होऊन सावंतवाडीहून मी धामापुरात आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. टकटक ऐकून लगबगीने दार किलकिलं केलं, तर पंचा नेसलेले उंच गृहस्थ दाराला कान लावून उभे. "उघडू नको, चेडवा. मी लाकूड बघतंय," ते म्हणाले. "फणसाचा आसा. सुकूक नाय अजून." मग चहाही न घेता ते शेजारी आपल्या घरी गेले. मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला दिसतो.

पुढे कळलं, ती त्यांची जन्माची सवय होती. मुंबईत रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली. जुन्या डब्यांची चाकं पूर्ण लोखंडी नसत. मध्ये लोखंडी तुंबा, बाहेरून पोलादी धावेचं कडं आणि मधली सगळी जागा सागाच्या पाचरींनी गच्च भरलेली. दाजी त्या पाचरी बसवायचे. लाकूड धक्का आणि आवाज पिऊन टाकतं, म्हणून आतला माणूस सुखाने झोपतो. "चाक वाजला म्हणजे मेस्त्री झोपलो," असं ते म्हणत. पुढे सगळीकडे लोखंडी चाकं आली. त्यांचा विषय निघाला की दाजी नाक मुरडत.

या माणसाच्या बायकोने, जानकीकाकीने, आगगाडी कधी पाहिलीच नव्हती. आमच्याकडे तेव्हा रूळ नव्हते. दाजी मालवणहून बोटीने जात-येत. "पुढच्या खेपेक तुका आगगाडीत बसवतलंय," असं दर खेपेला सांगून जात. पण घरी सासूसासरे, गुरं, भातशेती. काकी राहिली ती राहिलीच. दाजी कायमचे परतले तेव्हा काचबिंदूने तिची नजर गेली होती आणि छातीही दुखू लागली होती. प्रवास तिला झेपणार नव्हता.

मग दाजींनी पडवीत डबा करायला घेतला. हातभर लांबीचा, आत बाकं, वरखाली होणाऱ्या खिडक्या. माझ्या माहेरच्या खेळण्यांसारखा लाल-हिरवा रंग द्या, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "तेचो तिका काय उपेग?" डबा बोटांनी बघायचा होता. चाकं मात्र अस्सल. सागाच्या पाचरी, लोहाराकडून घडवून आणलेली धाव. पडवीभर फळ्यांवर लोखंडी पट्ट्यांचे रूळ ठोकले आणि सांधे घासून असे गुळगुळीत केले की नख अडकू नये.

काकीला रुळांच्या कडेला, मधोमध, पाटावर बसवलं. तिने डबा चाचपला, एकेका पाचरीवरून बोट फिरवलं. दाजींनी डबा एका टोकाला नेऊन दोरीने ओढला. तो तिच्या समोरून लोण्यावरून सुरी जावी तसा गेला आणि दुसऱ्या टोकाला थांबला. दाजींची छाती फुगली होती. काकी मान तिरकी करून तशीच बसलेली.

"गाडी कधी सुटतली?" तिने विचारलं.

"सुटली आणि पोचली पण."

"माका कळलाच नाय."

"कळाचाच नाय. म्हणान तर लाकूड घालतत."

"पण मगे ती गेली ता माका कसा कळतला?" काकी हळूच म्हणाली.

दाजींचं तोंड उतरलं. ज्या कामाचा आयुष्यभर अभिमान धरला, त्यानेच बायकोची गाडी हिरावून घेतली होती. चाकांना घुंगरं बांधू या, असं मी म्हटलं. "तो काय बैल आसा?" ते खेकसले. त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून करकर ऐकू आली. दाजी रुळांना करवतीने खाचा पाडत होते, ठरावीक अंतराने, जोडीजोडीने. "चाक गप ऱ्हवतला," ते मान वर न करता म्हणाले. "रूळ बोलतले."

आणि रूळ बोलले. खटखट, खटखट. काकीचा हात आपोआप पदराकडे गेला, वाऱ्याने उडू नये म्हणून धरावा तसा तिने तो धरला. त्या माणसाचं मला त्या क्षणी फार कौतुक वाटलं. चाकाला त्याने हात लावू दिला नाही आणि बायकोलाही रिकाम्या हाती ठेवलं नाही.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेआधी गाडी सुटे. "मुंबय ईली?" काकी विचारी. "खंय गो, आत्ताशी मळे दिसतत," दाजी सांगत. डबा अर्ध्यावर, तिच्यासमोर आला की काकी म्हणे, "इतक्यात पोचवू नकात. बरा वाटता." मग ते डबा तिथूनच मागे आणत. ती गाडी मुंबईला कधी पोचलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकी गेली. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर मी त्यांच्याकडे भाताचं पातेलं घेऊन गेले, तर पडवीत खटखट चाललेली. पाट मांडलेला होता, रिकामा. दाजी सावकाश दोरी ओढत होते. डबा अर्ध्यावर आला, पण या वेळी ते थांबले नाहीत. पार शेवटच्या फळीपर्यंत त्यांनी तो नेला, वाकून डब्याचं इवलंसं दार उघडलं.

"उतर गो," ते म्हणाले. "सावकाश. पायरी वायच खाली आसा."

मी पातेलं उंबऱ्यावर ठेवून परतले. दाजी त्यानंतर बरीच वर्षं होते, येताजाता आमच्या दारावर टकटक करत. डबा मात्र त्या टोकालाच राहिला, दार उघडं ठेवून.